एकतीस मार्कांची परिस्थिती

मुलांचे मार्क वाढवायला क्लास लागत नाही, पद्धत लागते. हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगायचो, निदान वर्षभरापूर्वीपर्यंत. माझी नोकरीच तशी आहे. बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं तपासनीस आहे. दर तासाला पाच झाकणं उचलायची, मोजायची आणि भिंतीवरच्या तक्त्यावर एक ठिपका काढायचा. ठिपके जोडले की रेषा होते. रेषा वाचता येणाऱ्या माणसाला कुणी फसवू शकत नाही, असं माझं ठाम मत होतं.

आमच्या लेकीला, बिट्टीला, गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी प्रवेशपरीक्षेत विज्ञानाच्या भागात चाळीसपैकी तीस हवेत. एकोणतीस मिळाले की दार बंद. हा भाग मोठा चमत्कारिक असतो. पाठ केलेलं काहीही विचारत नाहीत. आलेख देतात, तक्ते देतात, कुणीतरी केलेले प्रयोग देतात आणि पस्तीस मिनिटांत त्यातूनच उत्तरं काढा म्हणतात. म्हणजे अगदी माझंच काम! आदल्या वर्षी सराव परीक्षेत बिट्टीला एकतीस मिळाले होते. या वर्षी पहिल्या सराव परीक्षेत चोवीस, दुसरीत तेवीस. खरी परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

"बाबा, मला नुसता सराव करू दे ना," बिट्टी म्हणाली.

"सराव नंतर. आधी कारण."

माल बिघडला की आम्ही यंत्राला शिव्या देत बसत नाही. माल चांगला निघत होता त्या दिवसापासून आजवर काय काय बदललं, त्याची यादी करतो आणि एकेक गोष्ट पूर्ववत करतो. तशी मी यादी केली. एकतीस मिळाले त्या दिवशी बिट्टी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. खुर्चीचा पाय डुगडुगत होता, नंतर मी तो ठोकून घट्ट केला. नळ गळत होता, तोही नंतर दुरुस्त झाला. वरच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर दोरीवरच्या उड्या मारत होते, पुढे माझ्याच तक्रारीवरून ते बागेत जायला लागले. आणि मधल्या काळात बिट्टीची आई गेली. ते मी यादीत लिहिलं नाही. जे बदलता येत नाही ते आमच्या खात्यात यादीत धरत नाहीत.

खुर्चीचा पाय मी स्वतःच ढिला केला. नळासाठी प्लंबरला बोलावलं.

"गळत नाहीये," तो नळाखाली बोट धरून म्हणाला.

"तेच तर. गळायला हवा."

"म्हणजे?"

"तुम्हीच दुरुस्त केलाय. तो आधीसारखा करून द्या. मिनिटाला साधारण वीस थेंब."

त्याने पाना खाली ठेवला. "घरात मोठं कुणी आहे का?"

"मीच मोठा."

तो बिट्टीकडे वळला. "ताई, करू का?"

"करा," बिट्टी म्हणाली. "नाहीतर बाबा स्वतः करेल."

पोस्टमास्तरांचं प्रकरण जरा नाजूक होतं. मी हात जोडूनच आत गेलो. "येत्या रविवारी दहा ते दहा पस्तीस आपण घरीच उड्या माराव्यात, अशी विनंती आहे."

"तक्रार तुमचीच होती ना?"

"मागे घेतो."

"लेखी द्या."

मी लेखी दिलं. त्यांनी त्यावर तारीख घालून घेतली.

रविवारी दहाला मी घड्याळ सुरू केलं. चार मिनिटं नळ ठरल्याप्रमाणे गळला. मग आतलं काहीतरी सुटलं आणि सरळ धार लागली. परीक्षा मध्येच थांबवता येत नाही, म्हणून मी तळहाताने नळाचं तोंड दाबून उभा राहिलो. पाणी कोपरावरून पँटमध्ये आणि पँटमधून फरशीवर. वर पोस्टमास्तर सात महिन्यांचं उट्टं काढत होते. सव्वादहाला ते दोरी गळ्यात अडकवून खाली आले.

"आवाज नीट येतोय ना? की जोर वाढवू?"

"पुरे आहे. बादली आणा."

ते बादली घेऊन आले, पाठोपाठ त्यांनीच बोलावलेला प्लंबर आला. "हे मी माझ्या मनाने केलेलं नाही, साहेबांनीच सांगितलं होतं," असं तो पोस्टमास्तरांना दोनदा सांगत होता. बिट्टी पाय वर घेऊन डुगडुगत्या खुर्चीवर पेपर सोडवत राहिली. तिने एकदाही मान वर केली नाही.

मार्क चोवीस. नळ, खुर्ची, उड्या, सगळं जुनं आणि मार्क मात्र नवेच.

"आण इकडे तो पेपर," मी म्हणालो. ओल्या पँटनिशी बसलो आणि तिची खुणा केलेली प्रत न बघता, कोऱ्या प्रतीवर तोच पेपर पस्तीस मिनिटांत सोडवला. मुलीला दाखवायचंच होतं, मन लावलं की काय होतं ते. तपासायला ताई होती, माझी थोरली बहीण. ती शाळेच्या कार्यालयात आहे आणि उत्तरपत्रिका बघण्यात तिची हयात गेली आहे. त्या दिवशी ती सहज म्हणून आली होती. तिने आमचे दोन्ही कागद शेजारी ठेवले, मला सत्तावीस दिले आणि चष्मा काढला.

"कुणी कुणाचं पाहिलं?"

"काय?"

"नऊ चुका दोघांच्या त्याच आहेत. प्रश्न तोच आणि चुकीचा पर्यायही तोच. खरं सांगा."

"मी साक्षीला आहे," पोस्टमास्तर फरशी पुसता पुसता म्हणाले. "मुलगी लिहीत होती तेव्हा हे नळ धरून उभे होते."

ताईचं समाधान झालं नाही. तिने ते नऊ प्रश्न एकेक करून उघडले. सांगायला लाज वाटते, पण चुकलेले प्रश्न उघडून बघायचे हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी सगळं घर तपासलं, माल तपासला नाही.

पहिल्यात तळ्यातला ऑक्सिजन होता, दिवसागणिक कमी होत चाललेला. हे असंच चालू राहिलं तर सहाव्या दिवशी किती असेल? आम्ही दोघांनी पाचव्या दिवसापेक्षा जास्त लिहिला होता. दुसऱ्यात माशांची संख्या, तिसऱ्यात बॅटरी. नऊच्या नऊ आलेख खाली चाललेले, आणि नऊ ठिकाणी आम्ही बापलेक वर.

"अरे, रेषा खाली चाललीय," ताई म्हणाली. "पुढचा ठिपका वर कसा येईल?"

"येतो. रेषा उतरायला लागली की मी फिटरला हाक मारतो. तो यंत्र आवळतो, की पुढचा ठिपका वर. सव्वीस वर्षं येतोय."

"तळ्याला कुठला आलाय फिटर?"

मी हसणार होतो. पण बिट्टी कपाटाच्या दाराकडे बघत होती, आणि मग मलाही तिकडे बघावं लागलं.

त्या दाराच्या आतल्या बाजूला अजून एक तक्ता आहे. बिट्टीची आई दवाखान्यात होती तेव्हा मीच तो लावला होता. रोजचं हिमोग्लोबिन. मी पाळीवर असायचो, म्हणून रिपोर्ट बिट्टी आणायची आणि ठिपकाही तीच काढायची. मी घरी आलो की तक्त्यापुढे उभा राहून म्हणायचो, "उद्या वर येईल बघ." डॉक्टर वेगळं काही सांगत होते. मी डॉक्टरांचं ऐकत नव्हतो, तक्ता वाचत होतो.

ताईने पोस्टमास्तरांना आणि प्लंबरला बादलीसकट जिन्यात काढलं.

"बाबा," बिट्टी म्हणाली, "शेवटचे चार ठिपके मी वर काढले होते."

"किती वर?" माझा पहिला प्रश्न हा. तपासनीस ना मी!

"एक-दोनने. शेवटचा तीनने. तू यायचास आणि बूटसुद्धा न काढता कपाटापाशी जायचास. माझ्याच्याने खालचा काढवत नव्हता. आता पेपरमध्ये तसंच होतं. उत्तर कळतं मला, पण हात वरच जातो."

"आणि तुला माहीत होतं? आईचं?"

"हो."

"एकटीला?"

तिने मान डोलावली. मला रडू फुटलं, ताईसमोर, ओल्या पँटमध्ये. माझी सतरा वर्षांची पोर चार दिवस तिच्या आईचं जाणं एकटी बघत होती, आणि मी रोज रात्री पोटभर जेवून झोपत होतो. सव्वीस वर्षांत मी कुणाचा एक खोटा ठिपका पास केला नाही. घरातले चार मात्र चुपचाप पास केले, कारण मला ते हवे होते.

"खरे आकडे सांग," मी शेवटी म्हणालो.

तिने एका दमात सांगितले. सहा पॉइंट आठ, सहा पॉइंट एक, पाच पॉइंट सहा, पाच. एकही कागद न बघता. मी पेन्सिल घेतली आणि तिच्या ठिपक्यांच्या खाली चार ठिपके काढून जोडले. रेषा सरळ होती. कुणालाही वाचता आली असती.

"पुढचा कुठे येईल?" बिट्टीने विचारलं. शिक्षिका विचारते तसं, हळू आवाजात.

"खाली," मी म्हणालो. मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ रडली. तोवर ती आईसाठी माझ्यासमोर रडली नव्हती, हेही माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

परीक्षेपर्यंतचे उरलेले दिवस तिने तिच्या पद्धतीने नुसता सराव केला. मला फक्त चहा करायची परवानगी होती. खऱ्या परीक्षेत तिला तेहतीस मिळाले. आता ती कॉलेजच्या वसतिगृहात राहते, आणि जाताना सराव परीक्षांचं पुस्तक मला देऊन गेली. दर रविवारी मी त्यातला एक पेपर सोडवतो आणि फोनवर मार्क सांगतो.

परवा अठ्ठावीस पडले. दोन ठिकाणी रेषा स्वच्छ खाली चालली होती, मला दिसतही होती, तरी मी वरचाच पर्याय लिहिला. बिट्टीला तसं सांगितलं.

"सावकाश कर, बाबा," ती म्हणाली. "तुझ्या परीक्षेला तारीख नाहीये."

मी बरं म्हणालो आणि खोडरबर शोधायला लागलो.