सहा तांडेल आणि मुरकर अण्णा

पिंपरीपासून समुद्र किती लांब आहे हे मी कधी मोजलं नाही, पण मध्ये अख्खा सह्याद्री आडवा पडला आहे एवढं शाळेत शिकलो होतो. तरीही आमच्या औषधाच्या कारखान्यात, स्टोअरच्या फळ्यावर, रोज सकाळी खडूनं समुद्राच्या भरतीची वेळ लिहिलेली असायची. ‘रिकाम्या बाटल्या : आल्या. कॉस्टिक सोडा : संपला. भरती : साडेचार.’

लिहिणारे आमचे स्टोअरकीपर श्रीधर मुरकर, म्हणजेच मुरकर अण्णा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, ही म्हणे कोकणातली रीत. षष्ठी असली की साडेचार, अष्टमी असली की सहा. अण्णा आधी पंचांग बघत, मग फळा लिहीत आणि मगच कपाटाची कुलपं उघडत.

कारखाना तेव्हा नवा होता आणि आसपासच्या गावांतल्या तरुणांचे डोळे त्याच्याकडे लागलेले. एका षष्ठीला माल घेऊन आलेल्या ट्रकवाल्यानं तो फळा वाचला, बातमी दुपारपर्यंत चाकणच्या कांदाबाजारात पोचली आणि सव्वाचारला गेटवर वीसेक माणसं धुतलेल्या टोप्या घालून हजर. “भरती हाय म्हनं साडेचारला,” त्यांचा म्होरक्या वॉचमनला सांगत होता. “आमी म्हाळुंग्यावरनं चालत आलोय राव. न्हाई म्हनू नका.”

दुसरा कोणी असता तर मागच्या दारानं पसार झाला असता. अण्णा गेटवर गेले, ही भरती समुद्राची आहे हे समजावून सांगितलं, हात जोडून माफी मागितली, सगळ्यांना चहा पाजला आणि प्रत्येकाचं नाव लिहून घेतलं. ती यादी घेऊन ते तीन दिवस साहेबांच्या दारात उभे राहिले. चौघांना खरोखर काम लागलं. गेटवरच्या त्या प्रकाराच्या दुसऱ्याच दिवशी फळ्यावर मजकूर होता, ‘भरती (समुद्राची) : सव्वापाच.’

मी त्याच स्टोअरात कारकून होतो. आम्ही देशावरचे, पाणी पाहिलेलं ते विहिरीचं, नाहीतर पवनेचं. त्यामुळे अण्णांचं समुद्रप्रेम मला सुरुवातीला नाटकी वाटे. त्यातून मला कळलं की रत्नागिरीकडे जन्मलेल्या या माणसाला बोट लागते. मुंबईहून गावी बोटीनं निघाले तर धक्का सुटायच्या आत अण्णा आडवे. म्हणून ते एस.टी.नं, घाटातून, खिडकीला डोकं लावून गावी जात. मी एकदा यावरून त्यांना छेडलं, तर शांतपणे म्हणाले, “कुलकर्णी, तुमचे आजोबा कीर्तन करायचे ना? मग तुम्ही का नाही करत?”

नारळी पौर्णिमेला ते चिंचवडला जाऊन पवनेत नारळ सोडत. नदी शेवटी समुद्रालाच मिळते, असा त्यांचा साधा हिशेब. एका वर्षी मी भूगोलाची खोड काढली. म्हटलं, अण्णा, पवनेचं पाणी भीमेतून कृष्णेत आणि तिथून पार पूर्वेच्या समुद्राला जातं, तुमच्या कोकणाकडे जातच नाही. अण्णा काठावर दोन मिनिटं थांबले. मला वाटलं, नारळ परत पिशवीत जाणार. पण त्यांनी तो अलगद पाण्यात सोडला आणि म्हणाले, “समुद्र एकच हो. वळसा घालून येईल.”

पण त्यांचा खरा ध्यास होता तो वंशावळीचा. खोक्यांतून येणाऱ्या जाड तपकिरी कागदाच्या पाठीवर त्यांनी ती मांडली होती. सर्वांत वर आरमारातला मूळ पुरुष, त्याच्याखाली ओळीनं सहा पिढ्यांतले सहा तांडेल. तांडेल म्हणजे खलाशांचा मुकादम. हे सहाही त्यांनी घरबसल्या शोधले नव्हते. त्यासाठी पंचेचाळिसाव्या वर्षी मोडी शिकले. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळण्यासाठी रजा घेऊन गेले आणि आपल्या खापरपणजोबाची सही पाहून तिथंच वहीला नमस्कार करून आले. एका देवळाच्या घंटेवर आत हात घालून अक्षरं चाचपली, कारण बाहेरून शेंदूर चढला होता. ऐकीव गोष्टीला त्यांच्याकडे थारा नव्हता. कँटीनमध्ये कोणी काही छातीठोकपणे सांगायला लागला की अण्णा विचारत, “कागद काय म्हणतो?” आणि पुढाऱ्यांपासून आचाऱ्यापर्यंत सगळे गप्प होत.

या सहा जणांच्या खाली एक चौकोन होता. त्यात ‘शिवराम’ एवढंच लिहिलेलं. हे अण्णांचे वडील. अण्णा तीन वर्षांचे असताना ते आगबोटीवर कामाला गेले आणि परत आलेच नाहीत. गावानं निकाल लावून टाकला की शिवराम कुठल्याशा बंदरात उतरला आणि तिथं त्यानं दुसरं बिऱ्हाड केलं. पळून गेलेल्याचा पोर म्हणून अण्णा वाढले. त्या घरात मुलगी द्यायला कोणी तयार झालं नाही, म्हणून ते बिनलग्नाचे राहिले आणि इथं त्यांच्याजवळ राहणारी आई अजून रोज कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावत होती. वरचे सहा तांडेल ही अण्णांची हौस होती. हा सातवा चौकोन मात्र त्यांना रात्रंदिवस खात होता. वडील पळाले की नाही, एवढंच त्यांना हवं होतं, आणि तेही कागदावर.

मुंबईच्या खलाशांच्या कचेरीला अर्ज जायचे ते माझ्या इंग्रजीत. ‘शिवराम मुरकर, हुद्दा तांडेल, यांचा तपास लागावा.’ चार वर्षांत पाच अर्ज, पाची वेळा एकच उत्तर, या नावाचा तांडेल आमच्या दप्तरी नाही. अण्णा उत्तर घडी घालून ठेवत आणि सहाव्या अर्जाचा कागद माझ्यापुढे सरकवत. मी वैतागे. आता त्या वैतागाची मला लाज वाटते.

कोडं सोडवलं हसनचाचांनी. दाभोळकडचे हे गृहस्थ, उमर जहाजांवर घालवून चिंचवड स्टेशनाजवळ चहाचं दुकान चालवत. एकदा मी आणि अण्णा तिथं बसलो असताना पाचव्या नकाराची गोष्ट निघाली.

“काय तांडेल तांडेल लावलंयस अण्णा?” चाचा म्हणाले. “जहाजावर माणसं पन्नास, तांडेल एक. बाकीचे काय हवा खायला जातात? नळीत काय लिहिलं होतं?”

नळी म्हणजे खलाशाचा नोकरीचा दाखला. तो पत्र्याच्या नळीत घालून जपायचा, म्हणून त्या कागदाचंच नाव नळी पडलं.

“नळी ते घेऊनच गेले,” अण्णा म्हणाले.

“मग आईला विचार ना, कसल्या कामावर गेले ते.”

“शंभरदा विचारलं. ती एकच सांगते, भंडारी म्हणून गेले. आता आम्ही जातीचे भंडारीच. आगबोटीवर चढलं म्हणून जात थोडीच बदलते?”

चाचांनी किटली खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला. “या अल्ला! अरे, भंडारी म्हणजे जहाजावरचा आचारी! तुझा बाप स्वैपाक करायचा. चार साल तू त्याला डेकवर शोधतोयस आणि तो बिचारा चुलीपाशी!”

मला हसू फुटणार होतं, पण अण्णांकडे पाहून ते आवरलं. सहा तांडेलांच्या खाली आचारी आल्याचं दुःख असेल असं मला वाटलं. ते वेगळंच बोलले. “चाळीस वर्षांहून जास्त ती माउली खरं सांगतेय. आणि मला तांडेल हवा होता, म्हणून मी ऐकलंच नाही.” त्या दिवशी मला अण्णा फार मोठे वाटले. मोडी शिकण्यापेक्षा हे अवघड आहे.

सहाव्या अर्जात हुद्दा बदलला आणि दोन महिन्यांत उत्तर आलं. अण्णांनी ते फोडलं नाही, माझ्या हातात दिलं. मी वाचत गेलो आणि मराठीत सांगत गेलो. शिवराम मुरकर, हुद्दा भंडारी. एडनहून मुंबईकडे परत येताना तापानं आजारी. पाचव्या दिवशी निधन, देह समुद्राला अर्पण. घरचा पत्ता म्हणून नोंद एवढीच, ‘रत्नागिरी’, म्हणून बातमी घरी पोचलीच नव्हती.

“पुन्हा वाचा,” अण्णा म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

“म्हणजे पळाले नाहीत.”

“नाही अण्णा.”

“परत येत होते.”

“हो.”

मग पन्नाशीला आलेला तो माणूस सोड्याच्या खोक्यावर बसून लहान मुलासारखा रडला. मलाही राहवलं नाही. जरा वेळानं डोळे पुसून ते म्हणाले, “आयेला काय सांगू, कुलकर्णी? पळाले नाहीत म्हणून सांगायचं, तर पुढचंही सांगायला हवं. सत्तरीच्या बाईचं कुंकू मी माझ्या हातानं पुसू?”

रविवारी दुपारी ते मला घरी घेऊन गेले. कागद इंग्रजीत, म्हणून वाचणारा मी. अण्णांच्या आई, ज्यांना मी आजी म्हणे, हात धुऊन, पदर सावरून समोर बसल्या होत्या. मी घडी उलगडली. तेवढ्यात अण्णाच घाईनं बोलले, “आये, ते कुठल्याच बंदरात उतरले नाहीत. त्यांनी जहाज सोडलंच नाही. कागदात तसं लिहिलंय.”

आजी माझ्याकडे वळल्या. “खरं, बाबा?”

“खरं, आजी,” मी म्हणालो. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, तरी मी उलगडलेली घडी परत मिटली.

“तर मग गावाला कळव,” त्या अण्णांना म्हणाल्या. आवाज एकदम कडक. “ज्यांनी ज्यांनी तोंडं वाजवली त्यांना एकेकाला कळव. आनि काम काय लिवलंय?”

“भंडारी.”

“त्ये मी कवापास्नं सांगते!” त्या म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही हसलो.

याउपर त्यांनी काही विचारलं नाही. ते जहाज आता कुठं आहे, ते कधी येणार, काहीच नाही. उठून त्यांनी पानं वाढली. माझं, अण्णांचं आणि आणखी एक. तिसरं त्यांचं स्वतःचं असेल असं मी धरून चाललो. त्यावर भात, आमटी, भाजी सगळं नीट वाढून त्या ते घेऊन मागच्या पायरीवर गेल्या. गेलेल्या माणसासाठी कावळ्याला ठेवतात तसं ते पान त्यांनी खाली ठेवलं, डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडून उभ्या राहिल्या. कपाळावरचं कुंकू तसंच होतं.

मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं होतं.

कावळा यायला वेळ लागला नाही. आजी आत आल्या, हात धुतले आणि आमच्यासमोर बसल्या. “त्यांना मीठ कमी लागायचं,” त्या म्हणाल्या. “आज तशीच केलीय. आमटी अळणी लागली तर सांगा.”

अण्णा मान वर न करता जेवत होते.

“नाय गो आये,” ते म्हणाले, “बरोबर झालीय.”