सात पाणी आणि एक मोजा

नवीन वर्षाच्या सकाळी, भाजी तिसऱ्यांदा धुऊन झाल्यावर, मी ठरवलं की उरलेलं काम वॉशिंग मशीननं केलं तरी चालेल.

भाजी कॉलर्डची होती, म्हणजे गड्डा न धरणाऱ्या कोबीची. सुपाएवढी पानं, आणि आमच्या बेटावरची, म्हणजे शिरेशिरेत वाळू. एक जानेवारीचा चवळीचा भात आणि ही भाजी गेली एकतीस वर्षं वर्डेल आत्या रांधते आणि एकतीस वर्षांत कुणाच्या दाताखाली एक कण आलेला नाही. सात पाण्यांनी धुवायची, हा तिचा नियम. ती पानावरून अंगठा फिरवते आणि सांगते, अजून दोन पाणी हवीत.

यंदा तिचा हात प्लास्टरमध्ये होता. तीन मोठ्या चुलत बहिणी टपलेल्या असताना तिनं भाजी माझ्याकडे दिली. (मी चर्चच्या गायनात नुसते ओठ हलवते. माझ्याकडे सहसा कुणी काही देत नाही.) आज बिघडली, तर भाजीचं पातेलं मला पुन्हा मिळणार नव्हतं.

पण बोटं बधिर झाली होती, आणि शेजारचे क्लॉडियस काका भाजी मशीनमध्येच धुतात हे मी कुंपणावरून अनेकदा पाहिलं होतं. पानं भरली आणि नाजूक कपड्यांचं बटण दाबलं.

मशीन घुरघुरताच बाहेरच्या खोलीतून आत्याचा आवाज आला. “कपडे कोण धुतंय?”

एक जानेवारीला आमच्याकडे कपडे धूत नाहीत. धुतले तर ज्याचा कपडा, ते माणूस त्या वर्षी त्या पाण्याबरोबर वाहून जातं.

“कपडे नाहीत, आत्या. भाजी आहे.”

मग ती म्हणाली, “भाजीबद्दल कुणी काही सांगून ठेवलेलं नाही.”

पानं लखलखीत निघाली. आणि ड्रमच्या तळाशी एक तपकिरी मोजा.

आत्या दर नाताळला घरातल्या सगळ्यांना एकसारखे तपकिरी मोजे विणून देते, त्यामुळे तो कुणाचाही असू शकत होता. पण वाहून जाण्याच्या सर्वांत जवळ होते तिचे काका, म्हणजे आमचे एझरा आजोबा, वय सत्त्याऐंशी. मोजा मी एप्रनच्या खिशात कोंबला आणि भाजी हातानं आणखी पाच वेळा धुतली. (एकूण किती झाली, ते कृपया मोजू नका.)

मग धुरी दिलेल्या डुकराच्या हाडांबरोबर ती दोन तास शिजली. आत्या खुर्चीवर डोळे मिटून बसली होती आणि नुसत्या झाकणाच्या खडखडाटावरून आच कमी करायला सांगत होती. तिचं एकदाही चुकलं नाही.

दुपारी तेराजण जेवायला बसले. मी एझरा आजोबांच्या पाठीशी उशी दिली, त्यांच्या ताटातली हाडं काढून घेतली, ते खोकले की मी अर्धी उठत होते.

शेवटी त्यांनी काटा खाली ठेवला. “पोरी, मी मेलोय का?”

“अजून नाही,” माझ्या तोंडून निघालं.

सगळं टेबल माझ्याकडे वळलं. मग मोजा बाहेर काढण्यावाचून इलाज नव्हता. थोरली चुलत बहीण टेमार म्हणाली, मला वाटलंच होतं.

आत्यानं एका हातानं मोजा उलटा केला. “प्रत्येकाच्या मोज्याला मी आतून वेगळ्या रंगाचा टाका घालते. काकांचा लाल. हा निळा.”

निळा माझा. (‘निरीक्षण उत्तम’ असा शेरा माझ्या प्रगतिपुस्तकात आहे.)

एझरा आजोबांनी हाडांची बशी स्वतःकडे ओढली आणि उशी काढून माझ्या पाठीशी ठेवली.

आत्यानं भाजीचा घास घेतला. डोळे मिटून, सावकाश, दाढेखाली वाळू शोधत.

“कण नाही,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षीही भाजी ही पोरगीच करणार.”

“आणि तोवर ही वाहून गेली तर?” टेमारनं विचारलं.

“ही?” आत्या म्हणाली. “गेल्या रविवारी पाद्रीसाहेबांनी उभं राहून नाव सांग म्हटलं, तेव्हा दोघांनी ढकलूनही जागची हलली नाही. हिला वाहून न्यायचं त्या मशीनच्या पाण्यात बळ आहे होय?”