राणीसाहेबांपुढचं एक वाक्य

"आपल्या घरची मराठी म्हणजे जशी आली तशी! तिच्यात जरा पण मिलावट नाही!" श्रीनाथरावांनी बायकोला ऐकवलं. चारचौघांत तोंड न उघडणारे, सदा पुस्तकात डोकं घालून बसणारे श्रीनाथराव माईंपुढे मात्र सिंहासारखे गरजत. आज तर कारणही होतं! राज्य गमावून रानोमाळ भटकणाऱ्या एका राणीच्या सिनेमाचं शूटिंग, त्यांच्या पूर्वजांनी महाराष्ट्रातून येऊन घर केलं त्या उज्जैनलाच चाललं होतं. तिच्या म्हाताऱ्या चिटणीसाचं काम पुण्याच्या दिग्दर्शिका अलकाबाईंनी त्यांना दिलं होतं. "तुमच्या चेहऱ्यावर आधीच वनवास आहे," असं म्हणून!

वाक्य एकच. 'सगळं गेलं, राणीसाहेब. पण भाषा जपण्याचा आम्ही खूप प्रयत्न केला.'

"अहो, घबरायचं नाही," माई म्हणाल्या. "बोलून द्यायचं आणि येऊन जायचं!"

भैरवगढला शिप्रेकाठी राहुट्या, घोडे, धूर आणि मधोमध फाटक्या शेल्यातली राणी! श्रीनाथराव बघतच राहिले. आपलेही पूर्वज असेच थकून आले असतील, याच नदीचं पाणी प्यायले असतील! अंगावर काटा आला, डोळे भरले आणि 'प्रयत्न' हा शब्द पत्र्यावरच्या कावळ्यासारखा भुर्रकन उडाला!

"अ‍ॅक्शन!"

"सगळं गेलं, राणीसाहेब, पण भाषा जपण्याची आम्ही..." जिभेवर 'कोशिश' आली. छे! ही तर हिंदी! त्यांनी ती गिळली आणि ऐटीत त्याच अर्थाचा शुद्ध संस्कृत शब्द काढला, "...खूप चेष्टा केली!"

राणीने पदर तोंडात कोंबला. कॅमेरावाल्याचे खांदे गदागदा हलायला लागले. 'रडताहेत बिचारे!' श्रीनाथरावांना वाटलं. अलकाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आजोबा, पुन्हा एकदा!" मग काय! त्यांनी छाती पिटून सांगितलं, "खूप, खूप चेष्टा केली!"

अख्खी छावणी पोट धरून खाली बसली.

अलकाबाई मात्र एकदम गंभीर झाल्या. "आता काही बदलू नका. परमुलखात पिढ्या काढलेला माणूस असंच बोलेल. हेच ठेवते मी."

शाबासकी समजून श्रीनाथराव घोड्यालाही नमस्कार करून घरी आले.

सिनेमा लागला. फ्रीगंजचं थिएटर उज्जैनच्या मराठी मंडळींनी भरलं. पडद्यावर बसएवढा चेहरा! "...खूप चेष्टा केली!" सगळीकडे रुमाल बाहेर निघाले. मग शेजारच्या खुर्चीत माधव नगरचे भय्यासाहेब ढसाढसा रडायला लागले. "श्रीनाथराव, दिल की बात बोललात! आपण सगळ्यांनी तेच तर केलं!" माई नवऱ्याकडे देवळातल्या मूर्तीकडे बघावं तशा बघत राहिल्या.

मध्यंतरात पुण्याहून मुलाचा फोन. "बाबा!" शैलेंद्र किंचाळला, "हे काय बोलून ठेवलंत? इथे लोक हसून खुर्चीवरून पडताहेत! अहो, चेष्टा म्हणजे मस्करी!"

श्रीनाथरावांनी शेजारी पाहिलं. भय्यासाहेब अजून नाक पुसत होते.

"अरे," फोनला हाताचा आडोसा करून ते पुटपुटले, "गलती व्हायला नको, याचीच तर मी इतकी चेष्टा केली होती रे!"