विमलमावशींची खानावळ शर्यतीला जाते

हिवाळ्यातल्या काही रविवारी उधन्यातल्या विमलमावशींच्या खानावळीच्या दाराला एक पाटी लटकलेली असते. तिच्यावर खडूनं लिहिलेलं असतं, 'आज घोडे. जेवण शेतात.' मागे चोपड्याहून नवीन आलेला एक मेंबर ती पाटी वाचून पायरीवरच थांबला आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, इथं घोडा... करतात?"

"करत नाहीत, बघतात," मी म्हटलं. "स्वेटर घालून ये. टेम्पो निघायचाय."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. तेवढ्यात आतून मावशी आल्या. पायात कॅनव्हासचे बूट, लुगड्यावर पुरुषी स्वेटर, डोक्याला मफलर आणि दोन्ही हातांत वाफाळणाऱ्या भरिताचं पातेलं. त्याला बघून ओरडल्या, "उभा काय राहिनास भो! घोडा काय तुनी वाट देखी राहिनात का?" पोरगं मुकाट्यानं टेम्पोत चढलं.

मी मूळचा साताऱ्याचा. बँकेनं बदली करून सुरतेला पाठवला. बायकोची शाळेतली नोकरी तिकडेच, म्हणून भेस्तानला खोली घेऊन एकटा राहतो आणि दोन्ही वेळ मावशींकडे जेवतो. बाकीचे मेंबर बहुतेक खानदेशातले, लूमवर नाहीतर डाईंग मिलमध्ये काम करणारे. मावशी साठीच्या पुढच्या, उंच, हाडापेरानं मजबूत. आवाज असा की शेजारच्या कारखान्यात लूम चालू असले तरी 'भाकरी झाली!' ही हाक थेट लूमपाशी पोचते. शेवभाजीत तिखट जास्त झालं असं कोणी म्हटलं तर त्या त्याच्या ताटात आणखी एक पळी वाढतात.

अशा बाईला शर्यतीचं वेड कुठून लागलं, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. थंडी पडली, बारडोलीकडे ऊसतोड सुरू झाली की रिकाम्या झालेल्या शेतांतून गावागावचे हौशी लोक घोडे पळवतात. कोणी शेतकरी, कोणी दूधवाला, एक दातांचे डॉक्टरही असतात. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत. जिंकणाऱ्याला एक फेटा आणि एक चषक. कुठल्या गावाला कधी शर्यत, ही बातमी मावशींना उसाच्या ट्रकवाल्यांकडून मिळते. बातमी आणणाऱ्याला त्या दिवशी वरण-बट्टीवर तुपाची धार जरा लांब पडते.

आता तुम्ही म्हणाल, एक बाई शर्यत बघायला जाते, त्यात सगळ्या खानावळीला काय? तर त्यातच सगळं आहे. मावशी प्रत्येक शर्यतीत एक घोडा आपला मानतात. तो जिंकला तर दुसऱ्या दिवशी खापरावरचे मांडे, सोबत आमरसाच्या वाटीएवढ्या वाटीत तूप. हरला तर आठवडाभर दुधी. सकाळी दुधी, रात्री दुधी, आणि कोणी तोंड वाकडं केलं तर दुधीच्या सालींची चटणी. त्यामुळे त्यांच्या घोड्यासाठी आम्ही घसा फोडून ओरडतो. दिवसभर लूमच्या आवाजात राहून कानानं जड झालेले आमचे हिलालभाऊ तर टेम्पोतच नवस बोलायला लागतात.

तरी मांडे आम्ही आजवर एकदाच खाल्ले. कारण मावशींना घोड्यातलं काही कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही. हिलालभाऊ पोटतिडकीनं सांगतात, "मावशी, तो काळा बघा, छाती बघा त्याची." मावशी हात झटकतात. "घोडाले काय देखस? वरला माणूस देख!"

गेल्या माघातली गोष्ट सांगतो. आदल्या रात्री मावठं झालेलं. सकाळी असं धुकं की बाबुभाई टेम्पोवाले मान खिडकीबाहेर काढून गाडी हाकत होते. पाठीमागे आम्ही पंधरा-वीस जण कांबळी पांघरून एकमेकांना चिकटून बसलेलो. मावशी पुढे, मांडीवर पातेलं. दर पाच मिनिटांनी म्हणायच्या, "बाबुभाई, जल्दी! सुटले असतील." बाबुभाई म्हणायचे, "बेन, घोडालाही दिसायला पायजे ना!"

पोचलो तर शर्यत होणार की नाही यावरच वाद चाललेला. काळ्या मातीचा चिखल घोट्यापर्यंत. कोणी म्हणे रद्द करा, कोणी म्हणे धुकं उठू द्या. मावशी सरळ त्या मंडळींत घुसल्या आणि आपल्या गुजराती-अहिराणीत म्हणाल्या की आम्ही उधन्याहून भरीत घेऊन आलोय, ते काय परत न्यायचं? पातेल्याचं झाकण उघडून दाखवलं. त्याचा परिणाम झाला की धुकं जरा विरळ झालं म्हणून, कोण जाणे, पण शर्यत ठरली. कालव्याच्या पुलावरून सुटायचं, कालव्याच्या काठानं यायचं, दोन बांध ओलांडून उसाच्या कापलेल्या शेतातून महादेवाच्या देवळासमोर पोचायचं. आम्ही देवळापाशी उभे.

घोडे पुलाकडे निघण्याआधी मावशींची फेरी झाली. नऊ-दहा घोडेस्वार होते. प्रत्येकाभोवती घरची माणसं. कोणाची बायको स्वेटरची बटणं लावतेय, कोणाचे मित्र फोटो काढताहेत, डॉक्टरांच्या तर आईसुद्धा आलेल्या. कडेला एक जण एकटाच घोडीच्या खुरातला चिखल काटकीनं काढत बसला होता. पन्नाशीचा, किडकिडीत, माकडटोपी घातलेला. घोडी पांढरी, गुटगुटीत, आणि तिच्या आयाळीत अजून चमकी अडकलेली.

"काय नाव?" मावशींनी विचारलं.

"गोविंद. आ राणी." त्यानं घोडीच्या मानेवर थाप मारली.

"बारातची घोडी?"

"हा, बेन. काल रात्रेज बारात हती." तो ओशाळून हसला. "मने थयुं, एक वार एने दोडावी जोउं."

लग्नाच्या वरातीत बिचारी पावलापावलानं चालते, एकदा तिला मोकळं पळवून बघावं, एवढीच त्याची इच्छा.

"घरनं कोण आलंय तुमच्या?"

"कोई नथी. हुं ने राणी."

मावशी आमच्याकडे वळल्या. "आज हीच आपली."

हिलालभाऊ मटकन बांधावर बसले. "मावशी, वरातीची घोडी! ती पळणार की नाचणार?" पण एकदा मावशी बोलल्या की बोलल्या. आम्ही मनातल्या मनात दुधी चिरायला घेतला.

सुटल्याचा बार ऐकू आला. दिसत काहीच नव्हतं. समोर नुसतं पांढरं. मग धुक्याच्या आतून टापा ऐकू यायला लागल्या. आधी लांब, मग कालव्याच्या काठावर कडक, मग चिखलात शिरल्यावर फच्‌फच्‌ असा जड आवाज. कोण पुढे, कोण मागे, काही कळेना. मावशींनी माझं मनगट असं धरलं होतं की माझी बोटं बधिर झाली.

"निकळ्या!" कोणीतरी ओरडलं.

पहिल्या बांधावरून काळा घोडा बाहेर आला. त्याच्यामागे डॉक्टर. आणि डॉक्टरांच्या मागे, पाय आखडते घेत, मान पुढे काढून, चिखलानं अर्धी काळी झालेली राणी!

आम्हाला वेड लागायचं बाकी राहिलं. "राणी! राणी!" हिलालभाऊंनी कांबळं फेकून दिलं. मावशी त्या चिखलात पुढे धावत सुटल्या. "पय, राणी, पय! गोविंदभाई, सोडू नका!" दुसऱ्या बांधाशी डॉक्टरांचा घोडा बिचकून थांबला. राणी त्याच्या बाजूनं अशी उडाली, जणू जन्मभर तिला कोणी हे करायला सांगितलंच नव्हतं आणि ती वाटच बघत होती. आता पुढे फक्त काळा. अंतर कमी व्हायला लागलं. गोविंदभाईंची माकडटोपी कुठेतरी उडून गेली होती. मी बँकेचा अधिकारी, चारचौघांत मोठ्यानं न बोलणारा माणूस. मीसुद्धा उड्या मारत होतो आणि डोळ्यांसमोर मांडे दिसत होते.

राणी काळ्याच्या बरोबरीला आली. थोडी पुढेही सरकली. देऊळ तेवढं हाकेवर राहिलं.

आणि गावकऱ्यांनी जिंकणाऱ्याच्या स्वागताला आणलेला बँड वाजायला लागला.

राणीचे कान ताठ झाले. ती थांबली. पुढचा एक पाय उचलला, मग दुसरा, आणि मान झुलवत त्या चिखलात ती नाचायला लागली. जशी काल रात्री नवरदेवाला घेऊन नाचली असेल तशीच, मन लावून. काळा घोडा देवळापाशी पोचला. मैदानात असं हसू उसळलं की लोक पोट धरून खाली बसले. गोविंदभाई टाचा मारत होते, विनवत होते, "राणी, ना, ना! चाल, मारी बेन!" राणी गोल फिरून नाचत होती.

मावशी हसल्या नाहीत. त्या बँडवर चालून गेल्या. ढोलवाल्याच्या हातातल्या काठ्या हिसकावल्या आणि क्लॅरिनेटवाल्याच्या तोंडासमोर नाचवल्या. "बंद करो! माणूस अजून येतोय, दिसत नाही?" बँड गपकन थांबला. तोवर एकेक करून बाकीचे घोडे निघून गेले होते. राणी जरा वेळ वाट बघत उभी राहिली, मग शहाण्यासारखी चालत आली. सगळ्यांच्या शेवटी. मावशी एकट्या टाळ्या वाजवत होत्या. मग आम्हीही वाजवल्या.

बक्षीस झालं, लोक पांगले. आम्ही भरीत-भाकरी खाल्ली. कपडे ओले, हातपाय गारठलेले. बाबुभाई गाडी सुरू करून हॉर्न वाजवायला लागले. मावशी मात्र एका ताटात भरीत, दोन भाकरी, कांदा असं वाढत होत्या. गोविंदभाई लांब, देवळामागे घोडीला पुसत बसले होते. येणारे-जाणारे त्यांना बघून हाताच्या मुद्रा करून नाच दाखवत होते.

"मावशी, चला ना," मी म्हटलं. "डबा बांधून देऊ त्यांना."

मावशींनी मान वर केली नाही. "आमचा मालक नंदुरबारला टांगा हाकायचा," त्या म्हणाल्या. "जत्रेत घोडा पळवायचा. बायांनी तिथं जायचं नाही, म्हणून मी कधी गेले नाही. एका साली पहिला आला. घरी आला तर डोळ्यांच्या पापण्यांवरसुद्धा धूळ. चुलीपुढं बसला आणि सांगायला लागला. पुलापाशी काय झालं माहितीये का, म्हणे. मी म्हटलं, आधी जेवून घ्या, भाकरी गार होते."

त्यांनी ताटात मिरची ठेवली.

"जेवला. जेवून झोपला. मग मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. त्याला जाऊन आता इतकी वर्षं झाली. पुलापाशी काय झालं होतं, ते मला अजून माहीत नाही, साहेब."

ताट घेऊन त्या देवळामागे गेल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग. गोविंदभाईंनी आम्हाला बघून खाली मान घातली. मावशींनी ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि समोरच्या ओल्या दगडावर बसकण मारली.

"हं. बोलो, गोविंदभाई. पहेलेथी."

"शुं बोलुं, बेन? तमे जोयुं तो खरुं." तुम्ही बघितलंत की, ते म्हणाले.

"आम्ही कुठं बघितलं? सगळं धुकं होतं. पुलावर काय झालं?"

गोविंदभाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. तो हातातच राहिला. पुलावर, ते म्हणाले, राणी आधी मागेच सरकत होती. बार झाला तेव्हा तिला वाटलं, वरातीतले फटाके.

"पछी? मग पुढं?" मावशी म्हणाल्या.

मग ती शेजारच्या घोड्याकडे बघायला लागली. तो सुटला तशी तीही सुटली. आणि कालव्याच्या काठाला लागल्यावर एकदम तिची चाल अशी काही हलकी झाली की त्यांना वाटलं, आपण खालीच पडलोय आणि ही एकटी पळतेय.

"पछी?"

गोविंदभाईंचा आवाज वाढायला लागला. एका हातानं लगाम, दुसऱ्या हातानं बांध, असं ते दाखवायला लागले. हिलालभाऊ मला बोलवायला म्हणून आले आणि कानामागे हात धरून उभेच राहिले. त्यांच्या मागून तो चोपड्याचा पोरगा, मग आणखी दोघे. टेम्पोचं इंजिन बंद झालं आणि बाबुभाईही आले. डॉक्टरांचा घोडा बांधाशी बिचकला तिथं तर सगळ्यांनी 'हां!' म्हणून मांडीवर थाप मारली.

भाकरी केव्हाच गार झाली होती. मावशींनी एकदाही त्यांना 'जेवा' म्हटलं नाही.