दुहेरी कवच आणि एक ट्रॅम्पोलिन

विम्यातलं आपल्याला जेवढं कळतं तेवढं कॅन्सस राज्यातल्या अख्ख्या विचिटा शहरात कोणाला कळत नाही, अशी व्हर्नन स्टकीची ठाम समजूत होती. मावशीचं छोटं घर त्याच्या वाट्याला आलं, त्याने ते भाड्याने दिलं, आणि त्या घराला कवच कुठलं घ्यावं यावरून बायकोचं डोकं महिनाभर खाल्लं.

"हे बघ डोरिन, गारा पडल्या, वादळ आलं, अंगणात कोणाचं हाडबिड मोडलं, तर विमा. एसी म्हातारा होऊन बंद पडला, गीझर रुसला, तर होम वॉरंटी. मी दोन्ही घेतलं! शिवाय आपल्या राहत्या घराचा विमाही त्याच कंपनीत हलवला. दोन घरं एकत्र, म्हणून सूट!"

"आणि आपल्या एसीला वॉरंटी?"

"आपल्या एसीला काय धाड भरलीय? मी आहे ना!"

"एकदा एजंटला विचारून घे रे, व्हर्न."

"एजंटला? एजंटला मीच चार गोष्टी शिकवीन!"

डोरिन पुढे काही बोलली नाही. व्हर्ननला विमा कंपनीपेक्षा या गप्प बसण्याची जास्त भीती वाटायची.

मग एक दिवस कंपनीचा फोन आला. मंगळवारी आमचा माणूस घर बघायला, फोटो काढायला येईल. "खुशाल येऊ द्या!" व्हर्नन ऐटीत म्हणाला आणि फोन ठेवताच त्याला दरदरून घाम फुटला. भाड्याच्या घराच्या परसात कुत्रा किंवा ट्रॅम्पोलिन आहे का, असं कंपनीने आधीच विचारलं होतं; कोणाला कुत्रा चावला, कोणी पडलं तर भरपाई नको, म्हणून असल्या घरांचा विमा ती रद्द करायची. त्याने छातीठोकपणे 'नाही' सांगितलं होतं, कारण मावशीकडे फक्त मांजर होती. आता तिथे रोझेलबाई राहत होत्या. निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर! त्यांच्याकडे नातवंडांचं उड्या मारायचं भलंमोठं गोल ट्रॅम्पोलिन होतं आणि वासराएवढा बिस्किट नावाचा कुत्रा होता. विमा रद्द झाला तर डोरिनला कुठल्या तोंडाने सांगायचं?

मंगळवारी सकाळीच तो पिकअप घेऊन रोझेलबाईंच्या दारात हजर.

"फक्त आजचा दिवस द्या हो दोन्ही!"

"अहो मालक, कुत्रा आहे तो, वाघ नाही. आणि त्याचा विमा आहे माझा, वेगळा. एजंटला विचारून घेतलाय."

"तुम्हाला नाही कळायचं त्यातलं!" व्हर्नन म्हणाला.

ट्रॅम्पोलिन पिकअपवर उभं बांधून, शेजारच्या सीटवर बिस्किटला बसवून व्हर्ननची वरात निघाली. सिग्नलला लोक हसत होते. हसू देत! घरी येऊन त्याने ट्रॅम्पोलिन मागच्या भिंतीला टेकवलं, कुत्र्याला परसात सोडलं, आणि हात झटकतोय तोच बेल वाजली. दारात कॅमेरा घेतलेला एक तरुण.

"मिस्टर स्टकी? घराचे फोटो काढायचेत."

"अहो, ते घर पलीकडच्या भागात आहे!"

"ते होय? ते गेल्याच आठवड्यात झालं. रस्त्यावरूनच काढले. एकदम झकास घर! आज हे. तुम्ही दोन्ही एकत्र केलीत ना, सूट मिळाली म्हणून. परस दाखवता?"

व्हर्ननने नाइलाजाने मागचं दार उघडलं. परसात बिस्किट डोरिनच्या टोमॅटोंची रोपं उपटत होता. व्हर्ननला बघताच तो धावत आला आणि त्याच्या बुटावर बसला.

"कुत्रा तुमचा?"

"छे! पाहुणा आहे."

"आणि ते ट्रॅम्पोलिन?"

"तेही... पाहुणंच!"

तेवढ्यात कॅन्ससचा वारा सुटला. पाहुणं भिंतीवरून हललं, चाकासारखं गडगडत गेलं आणि थेट एसीच्या बाहेरच्या खोक्यावर आदळलं. खर्रर्र! मग सगळं शांत. त्या तरुणाने तोही फोटो काढला.

व्हर्ननने वॉरंटीवाल्यांना फोन लावला.

"साहेब, तुमची वॉरंटी भाड्याच्या घराची आहे. तिथला एसी बिघडलाय का?"

"नाही हो, तो मस्त चाललाय!"

"अरे वा! अभिनंदन!"

थोड्याच दिवसांत कंपनीचा निरोप आला. राहत्या घराचा विमा बंद. भाड्याच्या घराचा मात्र चालू! डोरिनने तो वाचला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि गप्प बसली. व्हर्ननला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर जुलैचा वणवा, घरात भट्टी. संध्याकाळी दोघं रोझेलबाईंच्या दारात उभी राहिली.

"सहज आलो," व्हर्नन म्हणाला. "बिस्किटची आठवण आली."

"कालही आली होती," रोझेलबाई म्हणाल्या. "परवाही. या, बसा."

आत गारेगार झुळूक होती. बर्फ घातलेल्या चहाचे पेले आले. बिस्किट येऊन व्हर्ननच्या पायांवर पसरला.

"मालक, रोजच येणार असाल तर भाड्याचं बोलून घेऊ या हं!"

व्हर्नन कसंनुसं हसला. डोरिनने पेला खाली ठेवला आणि आठवडाभराने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"एकटीचं किती पडेल?"