जागच्या जागी

भूमितीच्या मास्तरांनी सकाळीच जाहीर केलं, की बायकोचा पत्र्याचा डबा आता घरात दिसता कामा नये. त्या डब्यात किल्ल्या, कात्री, नेलकटर, सुया नि बटणं गुण्यागोविंदानं नांदत होती. हवं ते वर येईपर्यंत डबा खडखडा हलवायचा, ही बाईंची पद्धत. आणि त्या खडखडाटानं मास्तरांचं डोकं उठायचं. ते लाकडाची पेटी करणार होते, प्रत्येक वस्तूला मोजून खण.

"पेटी झाल्यावर जो आधी 'कुठंय' विचारेल, तो हरला," मास्तर म्हणाले.

"तुम्ही हरलात, तर डब्याबद्दल जन्मात अवाक्षर काढायचं नाही."

"कबूल!"

संध्याकाळी पेटी तयार झाली. कपाटाची किल्ली तेवढी खणात मावेना, कारण मास्तर फळीची जाडी धरायला विसरले होते. एखाद्या पोराला त्यांनी या चुकीसाठी बाकावर उभं केलं असतं. स्वतःच्या बाबतीत त्यांनी फळीला भोक पाडलं आणि किल्लीचं टोक बाहेर काढलं. मग खणांत भरपूर गोंद लावून मखमल बसवली आणि धीर न धरवल्यानं सगळ्या वस्तू लगेच मांडून टाकल्या.

सकाळी बाईंच्या भाचीच्या लग्नाला निघायचं होतं. कपडे कपाटात, आणि किल्ली जागची हलेना. गोंद मखमलीतून वर आला होता.

"अहो, ओढा की जोरात!"

"खण मोडेल ना!"

"मग मी गाऊनवर जाऊ लग्नाला?"

मास्तरांनी पेटीच उचलली, किल्लीचं टोक कुलपात घातलं आणि अख्खी पेटी फिरवली. कपाट उघडलं.

"बघ, उलटी केली तरी एक सुई पडली नाही!" मास्तरांचा ऊर भरून आला होता.

पेटीच्या वजनानं किल्ली मात्र कुलपातच वाकली. पेटी कपाटाला लटकली ती लटकलीच. लग्नाहून येताना बाईंनी बाजारातून थोडी खरेदी केली.

दोन दिवसांनी मास्तर कपाटापाशी हात वर करून उभे होते. पेटीत चिकटलेल्या नेलकटरात एकेक बोट घालून ते नखं कापत होते.

"हाताची झाली," बाई म्हणाल्या. "पायाची कशी कापणार?"

मास्तरांनी पेटीकडे पाहिलं, मग पायांकडे.

"मी नवीन नेलकटर आणलंय. डब्यात आहे."

मास्तर स्वयंपाकघरात गेले, माळ्यावर डोकावले, पलंगाखाली वाकले. तोंडातून शब्द काढला नाही. शेवटी कंबर धरून ते बाईंसमोर येऊन उभे राहिले.

"अगं," ते हळूच म्हणाले, "डबा कुठंय?"