एक फेलिचे कमी

कुठलंही इटालियन आडनाव सांगा! कॉफीचा कप रिकामा व्हायच्या आत मी तुम्हाला त्याचं मूळ, कूळ आणि पहिल्या बापजाद्याचा धंदा सांगतो. फेर्रारी? लोहार. रोस्सी? कुणीतरी लाल केसांचा. बेविलाक्वा, म्हणजे पाणी पिणारा? बहुधा अट्टल दारुडा, कारण आमच्याकडे नावं ठेवणारे लोक सरळ कधीच नसतात. मांजाकावाल्लो? घोडा खाणारा. कौतुकानं ठेवलेलं नाही, एवढंच सांगतो.

दर रविवारी आमच्या दैनिकात माझं आडनावांवरचं सदर येतं. बाकीचे दिवस मी त्याच दैनिकात निधनवार्तांचं पान सांभाळतो. माणसं कुठून आली ते रविवारी सांगायचं आणि कुठे गेली ते इतर दिवशी!

माझी विद्या लंगडी पडते ती फक्त माझ्या स्वतःच्या आडनावापुढे. मी इजिनो बोस्कोलो. ‘बोस्को’ म्हणजे रान. आमचं किओज्जा गाव चहूबाजूंनी पाण्यात. पुढच्या दारी होडी, मागच्या दारी होडी, झाड बघायचं तर दुर्बीण लागेल. आणि अर्ध्या गावाचं आडनाव रानवाले! उरलेलं अर्धं गाव तिओत्सो. त्यात आमचे रक्षक संत फेलिचे आणि फोर्तुनातो, त्यामुळे ज्या घरात फोर्तुनातो नाही त्या घरात फेलिचे असतोच. रस्त्यात उभं राहून “फेलिचे बोस्कोलो!” अशी हाक मारली, तर उत्तर द्यायला निम्मा मासळी बाजार धावत येतो.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक घराण्याला वर एक टोपणनाव असतं. ते बापाकडून मुलाकडे जातं, ओळखपत्रावर चढतं, थडग्यावरही कोरलं जातं. आमच्या घराण्याचं टोपणनाव बिसातो. बिसातो म्हणजे वाम. हो, मासळीतली वाम, हातात धरली की सुळकन निसटणारी! माझे पणजोबा ऐन लग्नाच्या सकाळी चर्चच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून निसटले. पुढे त्यांनी दुसऱ्या मुलीशी रीतसर लग्न केलं, म्हणून मी आहे. पण गावाला लग्न आठवत नाही, खिडकी आठवते.

या खिडकीतून माझं लग्नही निसटायच्या बेतात होतं.

माझं नोर्मावर प्रेम. नोर्माचे वडीलही बोस्कोलोच आणि नाव अर्थातच फेलिचे. पण ते बोस्कोलो कांपाना. कांपाना म्हणजे चर्चची मोठी घंटा. आमच्या बाजारात लिलाव कानात चालतो. व्यापारी येतो, आपला भाव लिलाववाल्याच्या कानात पुटपुटतो आणि शेजारच्यालाही पत्ता लागत नाही. या घराण्याच्या मूळ पुरुषानं पुटपुटलेला भाव म्हणे खाडीपलीकडे ऐकू गेला. तो घसा पिढ्या ओलांडून सिओर, म्हणजे श्रीयुत, फेलिचेंपर्यंत जसाच्या तसा पोचला होता.

मी मुलगी मागायला गेलो तेव्हा ते सार्डिन खात होते.

“नाव?”

“इजिनो बोस्कोलो. दैनिकात आहे.”

“दैनिक नाही विचारलं. कुठला बोस्कोलो?”

“तसं पाहिलं तर, सिओर फेलिचे, आडनावाचं मूळ रानात…”

“कुठला?”

“बिसातो.”

त्यांनी काटा खाली ठेवला. “वामीच्या घरात मुलगी देऊ? आणि लग्नाच्या दिवशी चर्चच्या खिडक्यांना खिळे कोण ठोकणार, तुझा बाप?”

हे ते हळू आवाजात बोलले. खालच्या कालव्यावरचे पक्षी उडाले.

“बाबांचं अगदीच चुकत नाही,” जिना उतरताना नोर्मा म्हणाली. “तू सिनेमालाही मध्यंतरानंतर येतोस.”

“दैनिकाचं पान लावायचं असतं गं!”

“तुझे पणजोबाही तेच म्हणाले असतील.”

मी त्या क्षणी ठरवलं. टोपणनावच गेलं तर वाम कुठली आणि खिडकी कुठली! पुढच्या रविवारी मी सदरात असा काही भडिमार केला की विचारू नका. टोपणनावं म्हणजे रानटीपणा! आडनाव हे रेशमी वस्त्र, त्यावर हे ठिगळ कशाला! आमचे संपादक पाडुआचे, त्यांना तसाही या गावच्या नावांचा वैताग. सोमवारी ते माझ्या टेबलापाशी आले.

“उत्तम लिहिलंत, बोस्कोलो. आजपासून आपल्या दैनिकात टोपणनावं बंद. निधनवार्तांपासून सुरुवात करा.”

मला तर आकाश ठेंगणं झालं!

त्याच दुपारी जाळी विणणारे फेलिचे बोस्कोलो सेपा वारले. सेपा म्हणजे माकूल, काळी शाई फवारणारा जलचर. हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू चघळून काळ्या पिचकाऱ्या मारत आलेलं. त्यांचा पुतण्या मजकूर घेऊन आला. भिंतींवर लावायची शोकपत्रकंही आमच्याच छापखान्यात छापायची होती.

“सेपा तेवढं ठळक टाका हं,” तो म्हणाला.

“सेपा येणार नाही. माणूस गेलाय हो तुमचा! माकूल म्हणून कशाला पाठवता? बोस्कोलो म्हणून सन्मानानं जाऊ द्या.”

“पण लोकांना कळायचं कसं?”

“नाव आहे, वय आहे, ‘शोकाकुल पत्नी व आप्तेष्ट’ आहे. आणखी काय हवं?”

तो बिचारा दुःखात होता, निघून गेला. मी कात्री चालवली. गावात त्या नावाचे आणि त्या वयाचे आणखी किती फेलिचे आहेत, हा विचार माझ्या सुसंस्कृत डोक्यात शिरलाच नाही.

सकाळी कार्यालयात शिरलो तर फोन गळाला लागलेल्या माशासारखा तडफडत होता.

“कुठला फेलिचे गेला?” पहिला फोन.

“फेलिचे बोस्कोलो.”

“अहो, तो मीच बोलतोय!”

दुसरा फोन एका बाईंचा. “आमचे हे समोर बसून कॉफी पिताहेत आणि दारात फुलांचं चक्र आलंय! परत पाठवू की ठेवून घेऊ? फुलं ताजी आहेत!”

तिसरा फोन आमचे पाद्री एत्तोरे यांचा. “इजिनो, मी पहाटेपासून तीन घरी प्रार्थना करून आलो. तिन्ही मयतांनी मला स्वतः दार उघडलं. माझ्या वयाला हे झेपत नाही रे!”

मी बाहेर पडलो. मुख्य रस्त्यावर जत्रा भरलेली! गावातला एकेक फेलिचे बोस्कोलो रविवारचा कोट चढवून, आपण जिवंत आहोत हे दाखवायला येरझारा घालत होता. “फेलिचे, गातो! जिवंत!” मांजराच्या टोपणनावाचा एक ओरडला. “फेलिचे, नाझो! ठणठणीत!” नाकाच्या टोपणनावाचा दुसरा. एकाच्या मागून त्याची बायको धावत होती, “अहो, घरी चला! मावशी त्रिएस्तेहून रडत निघालीय, तिला काय सांगू?” फेलिचे म्हणजे सुखी. त्या सकाळी गावात एकही फेलिचे सुखी नव्हता.

आणि मग मला आठवलं. फेलिचे कांपाना!

ते भल्या पहाटे बाजारात जातात. म्हणजे त्यांच्या घरी…

मी पळत सुटलो. जिन्यावरच काळ्या कपड्यांची रांग. वर खोलीत नोर्माची आई मध्यभागी बसलेली. ती रडत नव्हती, तिला सांगायला कुणी सवडच देत नव्हतं. “अहो, ते बाजारात गेलेत!” असं ती म्हणाली की बायका तिचा हात दाबून म्हणायच्या, “हो गं बाई, धक्क्यानं असंच वाटतं.” पुरुषमंडळी सिओर फेलिचेंची ठेवणीतली वाइन पीत होती.

नोर्मानं मला कोपऱ्यात खेचलं. “तुझंच काम ना हे?”

“तत्त्वाचा प्रश्न होता गं!”

“तत्त्वं चौथी बाटली उघडताहेत!”

तेवढ्यात जिन्यावर जड पावलं वाजली. सिओर फेलिचे मासळीची टोपली घेऊन दारात उभे होते. कुणाचंच लक्ष नव्हतं, कारण त्यांचा जन्माचा वैरी, व्यापारी फोर्तुनातो तिओत्सो, ग्लास उंचावून बोलत होता. सिओर फेलिचेंनी ओठांवर बोट ठेवलं आणि ऐकत राहिले.

“सोन्यासारखा माणूस!” तिओत्सो म्हणाला. सिओर फेलिचेंचा चेहरा खुलला. “दिलदार!” त्यांनी मान डोलावली. “आणि किती शांत! किती हळू बोलायचा!”

“मी? हळू?”

घंटा वाजली! तिओत्सोच्या हातातला ग्लास सुटला, दोन बायका एकमेकींवर कोसळल्या, टोपलीतला एक मासा उडी मारून पाद्री एत्तोरेंच्या चौथ्या प्रार्थनेत पडला. शेजारच्या दोन गल्ल्यांनी हुश्श केलं, “कांपाना जिवंत आहे! पुढे कोण?”

सगळं समजल्यावर सिओर फेलिचे माझ्याकडे वळले. मी खिडकीकडे पाहिलं. देवाशपथ सांगतो, फक्त पाहिलं! पण त्यांनी माझं पाहणं पाहिलं.

“वाम!” ते म्हणाले. “जा, उडी मार. उघडीच आहे.”

नोर्मा माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर या वेळी थट्टा नव्हती.

“उडी मारणार नाही,” मी म्हणालो. आवाज फाटला, पण म्हणालो. “गेले ते फेलिचे सेपा. सकाळपासून सगळे तुमच्याकडे आणि बाकीच्या फेलिचेंकडे जाताहेत. त्यांच्या घरी कुणी गेलंय का?”

कुणीच गेलं नव्हतं.

आम्ही गेलो तेव्हा सेपांच्या पत्नी पिएरिनाबाई आणि तो पुतण्या, एवढेच शवपेटीपाशी बसले होते. पुतण्या मला बघून भिंतीकडे वळला. टेबलावर पाहुण्यांसाठी मांडलेले कप पालथेच होते.

“सगळ्या गावाची जाळी विणली यांनी,” पिएरिनाबाई म्हणाल्या. “आणि एक माणूस आला नाही.”

सिओर फेलिचेंनी टोपी काढली. “पोरा,” ते मला म्हणाले, “माझा आवाज आणि तुझे पाय. चल.”

मग काय सांगू! ते प्रत्येक पुलावर उभे राहून ओरडत होते, “गेला तो सेपा! फेलिचे सेपा! आपली जाळी विणणारा!” आणि मी जिने चढून घराघरातून फुलांची चक्रं गोळा करत होतो. एका फेलिचेनं चक्र द्यायला खळखळ केली, “माझं नाव आहे त्यावर, पुढे उपयोगी पडेल!” पण शेवटी तोही ते उचलून निघाला. दुपारी मिरवणूक निघाली. आमच्या गावात तशी अंत्ययात्रा झाली नसेल! पुढे सेपा आणि मागे सगळे जिवंत फेलिचे बोस्कोलो, प्रत्येकाच्या हातात स्वतःला आलेलं फुलांचं चक्र, रिबिनीवर सोनेरी अक्षरांत ‘प्रिय फेलिचेस’. एकही रिबीन बदलावी लागली नाही. त्रिएस्तेची मावशीही येऊन पोचली. रडण्याची तयारी होतीच, ती सेपासाठी मनापासून रडली.

पिएरिनाबाईंनी परतताना माझा गाल थोपटला. दुसऱ्या हातानं कानही पिळला. ते न्यायाचंच झालं.

दफनभूमीच्या फाटकापाशी सिओर फेलिचेंनी मला गाठलं. मागे सगळे फेलिचे उभे.

“काय रे, तुला टोपणनाव नको होतं ना?”

“चुकलो, सिओर फेलिचे.”

“गेलं ते. आजपासून तू बिसातो नाहीस.” मला भरून आलं. “तू बेकामोर्तो!”

बेकामोर्तो म्हणजे मुडदेफरास. सगळे फेलिचे असे हसले की पाद्रींना हूं हूं करून दटावावं लागलं.

“आणि नोर्मा?” मी चाचरत विचारलं.

“वामीला दिली नसती,” ते म्हणाले. “वाम निसटते. मुडदेफरास मात्र आला की काम पुरं केल्याशिवाय जात नाही. घेऊन जा!”

लग्न झालं. मी वेळेच्या आधी पोचलो, तरी मागच्या खोलीच्या खिडकीखाली दोन फेलिचे पहाऱ्याला होतेच. संपादकांनी टोपणनावं पुन्हा सुरू केली. न करून सांगतात कुणाला, त्रिएस्तेच्या मावशीनं येण्याजाण्याचं भाडं मागितलं होतं!

गेल्या महिन्यात आम्हाला मुलगा झाला. नाव सासऱ्यांच्या आग्रहावरून फेलिचे. मी नोंदणीला नगरपालिकेत गेलो. खिडकीमागचा कारकून माझ्याकडे न बघताच म्हणाला, “बोस्कोलो, कुठला?”

“बिसातो,” मी छाती काढून म्हणालो. “पिढीजात नाव आहे आमचं! फार जुनं, फार मानाचं! वाम!”

त्यानं मान वर केली, मला ओळखलं आणि मागे वळून ओरडला, “अरे, बेकामोर्तोला मुलगा झाला रे!”